नावाचा रकाना

मे महिन्याचा शेवट आला, की आमच्या सीमाभागातील सरकारी शाळांची दारे उघडतात. वळवाच्या पावसाने अंगणातली धूळ नुकतीच बसलेली असते, वर्गांतून नव्या चुन्याचा वास दरवळत असतो आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ती जाडजूड, लाल कापडी पाठीची प्रवेश नोंदवही येऊन पडते. तीन दशके होऊन गेली, ही वही आम्ही उघडत आणि मिटत आलो आहोत. अलीकडे हीच माहिती संगणकावरही भरावी लागते. परंतु वहीतील शाईच्या अक्षराला जो अधिकार आहे, तो अजून त्या यंत्राला आलेला नाही, अशी आमची जुनी समजूत आहे. या सदराच्या वाचकांना आमच्या अशा जुन्या समजुतींची आता सवय झाली असेल.

या वहीत बारा-पंधरा रकाने असतात. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, मातृभाषा इत्यादी. त्यांतील एका रकान्याविषयी आज लिहावयाचे आहे. तो रकाना म्हणजे ‘वडिलांचे नाव’. सुखवस्तू घरातील वाचकांना या तीन शब्दांत काही विशेष आहे असे वाटणार नाही. आम्हांलाही एके काळी वाटत नव्हते. म्हणूनच आमच्या हातून जी चूक घडली, ती प्रथम सांगून टाकणे बरे.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा निपाणीच्या परिसरातील एका लहान गावी साधे शिक्षक होतो. प्रवेशाच्या दिवसांत एक बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या होत्या, हे त्यांच्या लुगड्याला येणाऱ्या उग्र दर्पावरूनच कळत होते. कपाळावर भंडारा आणि गळ्यात मोत्यांची माळ होती. आमच्या भागात त्या माळेचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला लहानपणी ‘सोडलेली’ मुलगी ती माळ वागवते. तिचे लग्न देवीशी लागलेले असते आणि त्यामुळे कोणा पुरुषाशी ते लागू शकत नाही. आम्ही नेहमीच्या सवयीने लेखणी टेकवून विचारले, “वडिलांचं नाव?” बाई गप्प राहिल्या. पाठीमागच्या रांगेत कोणी तरी खाकरले, कोणी हसले. मुलगा आईच्या पदराआडून आमच्या लेखणीकडे टक लावून पाहत होता.

त्या क्षणी आम्ही स्वतःला फार दयाळू समजलो. हलक्या आवाजात म्हणालो, “अक्का, काहीतरी सांगा, आम्ही लिहून टाकतो.” बाईंनी थोडे थांबून आपल्या दिवंगत वडिलांचे नाव सांगितले आणि आम्ही ते त्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिले. रांग पुढे सरकली. एका अवघड प्रसंगातून एका स्त्रीची अब्रू आपण वाचवली, असे समाधान घेऊन आम्ही त्या दिवशी घरी गेलो.

पुढे मुलगा हुशार निघाला. हायस्कुलात गेला, तेव्हा शिष्यवृत्तीसाठी जातीचा दाखला हवा झाला. शिधापत्रिकेवर आईचे नाव कुटुंबप्रमुख म्हणून होते, मतदारयादीत तिच्या पुढे तिच्या बापाचे नाव होते आणि शाळेच्या कागदावर तेच नाव मुलाचा बाप म्हणून होते! म्हणजे कागदोपत्री आई आणि मुलगा ही बहीणभावंडे ठरली. अर्ज परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत आला. शाळेच्या नोंदीत एकदा चढलेले नाव बदलणे म्हणजे काय असते, हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. आईच्या रोजगाराचे कितीतरी दिवस त्या खेपांत बुडाले. दहावीनंतर मुलाने शिक्षण सोडले आणि तो फाउंड्रीत कामाला लागला. काही वर्षांनी तो आम्हांस भेटला, तेव्हा त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच आम्हांला अधिक लागले. एवढेच म्हणाला, “गुरुजी, त्या दिवशी तुम्ही रकाना मोकळा सोडला असता, तरी चाललं असतं.”

हे वाक्य आम्ही विसरू शकलो नाही. कारण त्यात आमच्या दयेचे मोल नेमके सांगितले होते. आम्ही त्या बाईंना लाजेपासून वाचवले नव्हते. लाज हीच खरी आहे, असे आम्ही सरकारी शाईने मान्य केले होते. दुसऱ्याच्या वतीने बोलणारा भला माणूस किती नुकसान करू शकतो, याचे हे आमच्या घरचेच उदाहरण. आणि म्हणूनच, ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांनीच बोलावे, या साध्या तत्त्वासाठी आमच्या या भागात शंभर वर्षे जी धडपड चालली आहे, तिची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे आमच्या मनात आले.

सीमाभाग म्हटला, की आपल्या बाहेरगावच्या मराठी बांधवांना एकच प्रश्न आठवतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुंबई राज्यातील मुलूख म्हैसूर राज्यात गेला, त्यावर आंदोलने झाली, महाजन आयोग झाला, २००४ साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. हा इतिहास आपल्या घरांतून पाठ आहे आणि तो असावाही. परंतु नकाशावर रेघ कोठे असावी, याइतकाच त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसामाणसांत पडलेल्या रेघा कशा पुसाव्यात, हाही प्रश्न याच मातीत विचारला गेला. तो मात्र आपल्या स्नेहसंमेलनांतून फारसा ऐकू येत नाही.

वाचकांना ठाऊकच असेल, की महात्मा गांधींनी राष्ट्रसभेचे अध्यक्षपद आयुष्यात एकदाच स्वीकारले आणि ते बेळगावच्या अधिवेशनात, १९२४ च्या डिसेंबरमध्ये. टिळकवाडीच्या बाजूला त्या वेळी खणलेली काँग्रेस विहीर आजही दाखवली जाते. त्या अधिवेशनाची शताब्दी २०२४ मध्ये थाटाने साजरी झाली. परंतु त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, १९२५ च्या एप्रिलमध्ये, याच जिल्ह्यातील निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. माणगावची परिषद १९२० च्या मार्चची. कागल जहागिरीतील त्या गावी राजर्षी शाहू महाराज स्वतः उपस्थित होते. ती जागा निपाणीपासून फार लांब नाही. म्हणजे सुमारे पाच वर्षांत एवढ्याशा टापूत समाजातील सर्वांत खालच्या थराने दोनदा एकत्र बसून आपल्या प्रश्नांचा विचार केला. त्याआधी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना तरुण आंबेडकरांनी मताधिकाराचा जो आग्रह धरला, तो या परिषदांचा पाया होता. त्या काळी मत देण्याचा अधिकार शेतसारा व मालमत्ता यांवर मोजला जाई. ज्याला जमीन नाही त्याला मत नाही. मत नसणाऱ्याच्या वतीने कोणी तरी भला माणूस बोलावा, अशी व्यवस्था होती. आमच्या नोंदवहीच्या प्रसंगासारखीच!

या परिषदांनी अस्पृश्यता एका दिवसात गेली नाही. पण पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्याच निपाणीत आणखी एक गोष्ट घडली. निपाणी हे विडीच्या तंबाखूचे गाव. शेतातून आलेला तंबाखू वखारींत रचला जाई, कुटला जाई, चाळला जाई, आणि हे बहुतेक काम स्त्रिया करीत. वखारीत उडणारी ती बारीक पूड डोळ्यांत, घशात, छातीत जाई. खोकला हा तेथील बायकांचा सोबतीच. मजुरी तुटपुंजी, कामाच्या तासांना धरबंध नाही, मुकादमाची भाषा ऐकवणार नाही अशी. यांतील काही स्त्रिया देवदासी होत्या. त्यांना तर पाठीशी उभे राहणारे घरही नव्हते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी व त्यांचे सहकारी यांनी या स्त्रियांना संघटित करण्यास प्रारंभ केला. निपाणी तेव्हा चिक्कोडी तालुक्यात होती, म्हणून संघटनेचे नाव चिक्कोडी तालुका कामगार महासंघ असे पडले. पत्रकार व लेखक अनिल अवचट यांनी येथे येऊन या स्त्रियांचे जिणे लिहिले आणि ते पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वाचकांपर्यंत गेले.

यातील एक नोंद आम्हांस विशेष मोलाची वाटते. १९८२ साली ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने या लढ्यावर एक लघुपट केला. दीपा धनराज या त्या गटातील प्रमुख. लघुपटाचे नाव मोठे बोलके आहे : ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. रचून ठेवलेला तंबाखू वरून शांत दिसतो, पण आतून त्याला ऊब धरत असते. वखारीतील बाईला हे रोज हाताला कळते. लघुपटात कोणी नट-नट्या नाहीत. कामगार स्त्रियांनीच आपले प्रसंग पुन्हा करून दाखवले आहेत : एकमेकींच्या घरी जमणे, भीत भीत बोलणे, मग न भिता बोलणे. आम्ही तो पाहिला तेव्हा त्यांतील मराठी आमच्या कानांना अगदी ओळखीचे वाटले. कानडी हेल, कोल्हापुरी ठसका आणि मधूनच एखादा पुरता कानडी शब्द. त्या सभांतून भाषेचा वाद कोणी काढलेला दिसत नाही. तंबाखूची पूड मराठी छातीत वेगळी आणि कानडी छातीत वेगळी बसत नसावी.

त्याच सुमारास शेतकऱ्यांचेही आंदोलन पेटले. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी रास्त भावासाठी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावरच ठाण मांडले. प्रा. सुभाष जोशी त्यातही पुढे होते. आमचे वडील, जे स्वतः शिक्षक होते, आम्हांला सायकलवर पुढे बसवून ते दृश्य दाखवण्यास घेऊन गेले होते. गाड्यांच्या रस्त्यावर गाड्या नाहीत, माणसेच माणसे. गावोगावाहून भाकरीची गाठोडी येत आहेत. आणि रस्त्याच्या मधोमध बसलेली लुगड्यातली बाई भाषण ऐकते आहे. हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. ६ एप्रिल १९८१ रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी प्राणास मुकले. त्या रात्री वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारले, “अण्णा, त्यांनी काय केलं होतं?” वडील म्हणाले, “काही नाही रे. रस्त्यात बसले होते.” रस्त्यात बसणे आणि मारले जाणे यांचा संबंध आम्हांस त्या वयात लावता आला नाही, खरे सांगायचे तर आजही नीट लावता येत नाही.

आता देवदासींच्या प्रश्नाकडे वळू. आमच्या नोंदवहीतील रकान्याचे मूळ तेथे आहे. बेळगाव हा मुंबई इलाख्याचा भाग असताना, १९३४ सालीच, मुलगी देवाला सोडण्यास बंदी करणारा कायदा झाला होता. तो पुस्तकात राहिला आणि सौंदत्तीच्या डोंगरावर दर पौर्णिमेला मोती बांधले जात राहिले. १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली, डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानाची त्यामागे प्रेरणा होती. १९८० च्या सुमारास निपाणीतही अशी परिषद झाली. डोक्यात जट आली म्हणजे देवीचे बोलावणे आले, या समजुतीवर कार्यकर्त्यांनी कात्री चालवली. जट कापून, डोके धुऊन, ‘काही होत नाही’ हे दाखवून दिले. १९८२ साली कर्नाटक विधिमंडळाने नवा कायदा केला आणि १९८४ मध्ये तो अमलात आला. तरीही राज्य सरकारने १९९३-९४ साली पाहणी केली तेव्हा २२,८७३ देवदासी नोंदल्या गेल्या आणि २००७-०८ च्या पुनर्पाहणीनंतर हा आकडा ४६,६६० वर गेला. कायद्याने प्रथा जात नाही, हे या आकड्यांवरून दिसते. आणि नोंदलेल्या प्रत्येक स्त्रीची मुले कोठल्या ना कोठल्या शाळेच्या टेबलासमोर उभी राहिली असणार, हे आम्हांसारख्या मास्तराला त्यात दिसते.

या अंधारात एक दिवा आमच्या जिल्ह्यातच लागला. गोकाकजवळच्या घटप्रभेस १९९७ साली एक संस्था उभी राहिली. कानडीत तिचे नाव ‘महिळा अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे’ असे लांबलचक आहे. लोक तिला ‘मास’ म्हणतात. ‘मायराडा’ या स्वयंसेवी संस्थेने या भागात देवदासींमध्ये जे काम चालवले होते, त्यातून ही पुढे आली. परंतु तिचे वैशिष्ट्य असे, की ती देवदासींसाठी चालवलेली नसून पूर्वीच्या देवदासींनीच चालवलेली आहे. चिक्कोडी तालुक्यातील कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी या तिच्या प्रमुख कार्यकर्त्या. वयाच्या सातव्या वर्षी देवीला सोडल्या गेलेल्या या बाईंना २०१८ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन गौरविले. बचत गट, कर्ज, गावोगाव जाऊन नवी मुलगी सोडली जाऊ नये म्हणून पहारा, मुलांचे शिक्षण, दाखल्यांची झगडाझगडी असे त्यांचे काम. ज्या घरात उद्या मोती बांधायचे ठरले आहे तेथे जाऊन, “माझ्याकडे बघा आणि मग ठरवा,” असे सांगण्याचा अधिकार ज्या बाईला आहे, तिच्यापुढे आमच्यासारख्यांची व्याख्याने फिकी पडावीत, यात नवल नाही.

येथे एक शंका काही वाचकांच्या मनात येईल. अशा संस्था परक्यांच्या देणगीवर चालतात, देणगी आटली की काम आटते, आणि तोवर लोकांना हात पसरण्याची सवय लागते, असा आक्षेप आपण पुष्कळदा ऐकतो. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्यात मोठमोठे फलक लावून आलेल्या आणि फलक गंजण्यापूर्वीच निघून गेलेल्या संस्था आम्ही पाहिल्या आहेत. परंतु कसोटी लावायची ती देणगीची नव्हे. कसोटी अशी, की काम सुरू करणारा निघून गेल्यावर मागे बोलणारी माणसे उरली की नाही. शिलाईयंत्र देणे सोपे आहे. कचेरीच्या खिडकीशी उभे राहून “माझा अर्ज का परत केला, ते लिहून द्या,” असे म्हणण्याचे बळ देणे कठीण आहे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने हे वाक्य उच्चारण्याचा हक्क सर्वांस दिला. पण तो उच्चारणारा कंठ कायद्याच्या पुस्तकातून येत नाही. तो दहा जणी एकत्र बसल्या, की येतो.

राज्यव्यवस्थेतही जागा निर्माण झाल्या आहेत. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने मंडल पंचायतींत स्त्रियांना २५ टक्के जागा दिल्या आणि १९८७ मध्ये त्यांच्या निवडणुका झाल्या. ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती त्यानंतरची, १९९२ ची. आज तर येथील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. प्रत्येक सरकारी शाळेस पालकांची समिती असते. आम्ही तिला ‘एसडीएमसी’ म्हणतो. जागा झाल्या, त्यांवर बसायचे कोणी, बसल्यावर बोलायचे कोणी आणि बोललेले लिहून घ्यायचे कोणी, हा मात्र अजून रोजचा झगडा आहे. सदस्या बाईंच्या जागी त्यांचे यजमान सभेस येऊन बसतात, हे आम्ही आमच्याच शाळेत पाहिले आहे आणि संकोचाने का होईना, त्यांना चहा देऊन परत पाठवले आहे.

रकान्याविषयीही न्यायालये आणि सरकारे हळूहळू शहाणी होत आहेत. आई ही मुलाची नैसर्गिक पालक होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन यांच्या खटल्यात १९९९ साली सांगितले. अविवाहित मातेला पालकत्वासाठी मुलाच्या बापाचे नाव उघड करण्याची सक्ती नको, असे २०१५ मध्ये सांगितले. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर प्रथम आईचे नाव येते. कर्नाटकात २०२५ साली विधिमंडळापुढे आलेल्या देवदासीविषयक नव्या विधेयकात या स्त्रियांच्या मुलांचे हक्क हा मुख्य विषय होता. आम्हांस यात समाधान आहे ते असे, की ही मागणी कोणा विद्वानाच्या टेबलावर जन्मली नाही. आमच्या नोंदवहीसमोर गप्प उभ्या राहिलेल्या त्या बाईंसारख्या स्त्रियांनी, आणि त्यांच्या फाउंड्रीत गेलेल्या मुलांसारख्या मुलांनी, ती बोलून दाखवली.

आता या वर्षीची गोष्ट सांगून लेख संपवतो. प्रवेशाच्या तिसऱ्या दिवशी एक तरुण बाई मुलीला घेऊन आल्या. आम्ही ओळखले नाही. त्यांनीच ओळख दिली. त्यांची आई वखारीत होती आणि देवीला सोडलेली होती. या बाईंच्या गळ्यात मात्र माळ नव्हती. आम्ही वही उघडली. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळपासून त्या रकान्यापाशी आमची लेखणी नेहमी थोडी अडखळते. आम्ही काही विचारण्यापूर्वीच त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “गुरुजी, नाव माझंच लिवा. हिला मी वाढिवलीया. बापाच्या जागी रेघ मारा आणि रेघ का मारली ते बी लिवा, म्हंजे पुढं कोण इचारायचं न्हाई.”

पाठीमागे रांग होती. कोणी खाकरले नाही. आम्ही आईचे नाव लिहिले, शेजारच्या रकान्यात आडवी रेघ ओढली, खाली शेरा लिहून सही केली आणि त्याच दिवशी वरिष्ठांना तसे लेखी कळवले. मुलीने मान वाकवून वहीत पाहिले आणि आईचे नाव एकेक अक्षर लावून वाचले. शाळेत येण्यापूर्वीच ती वाचावयास शिकली होती.

पुढील पंधरवड्यात पालकांची सभा झाली. समितीसाठी नावे सुचवण्याची वेळ आली, तेव्हा या बाई दाराजवळच्या सतरंजीवर बसल्या होत्या. नेहमीची चार नावे आली. मग मागून एका मुसलमान पालकबाईंनी यांचे नाव सुचवले आणि एका कानडी गवंड्याने अनुमोदन दिले. निवड झाली. सदस्या म्हणून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मुलींच्या शौचालयाच्या मोडक्या दाराचा. गेली दोन वर्षे आम्ही त्या दारासाठी पत्रव्यवहार करीत होतो. जावक क्रमांकही आमच्याजवळ आहेत! बाईंनी पत्रव्यवहार केला नाही. त्या पाच जणींना घेऊन पंचायतीत गेल्या आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहिल्या. आठ दिवसांत दार लागले. आम्ही जावक क्रमांकांची वही मुकाट्याने कपाटात ठेवली.

फाउंड्रीत काम करणाऱ्या आमच्या त्या विद्यार्थ्याचे मात्र काही परत आले नाही. त्याची नोंद दुरुस्त व्हावी म्हणून आम्ही शक्य ते केले. वर्षे गेली ती गेलीच. समता ही अशी उशिरा येते आणि आल्यावरही मागचा हिशेब फेडत नाही. म्हणून ती जितकी लवकर येईल तितकी बरी.

इंदूर, बडोदे, हैदराबाद वा आणखी कोठे असलेल्या आमच्या वाचकांनी हे वाचून सीमाभागातील एक करुण कथा म्हणून बाजूस ठेवू नये, एवढीच विनंती. आपण सर्व परप्रांतात अल्पसंख्य म्हणून राहतो. आपले कोणी ऐकावे, आपल्या भाषेत उत्तर द्यावे, अशी आपली रास्त अपेक्षा असते. परंतु आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या सभासदपटावर एकदा नजर टाकावी. त्या गावी मराठी बोलणारा जो झाडूवाला आहे, जी स्वयंपाकाची बाई आहे, जो गवंडी आहे, त्यांची नावे त्यात आहेत काय? गणेशोत्सवात ते येतात ते कोणत्या दाराने येतात? आणि वार्षिक सभेत त्यांना विचारले जाते, की त्यांच्याविषयी ठराव केला जातो?

उत्तर आमच्याकडे पाठवण्याची आवश्यकता नाही. ज्याचे त्याने आपल्या वहीत पाहावे. रकाना रिकामा दिसला, तर आमच्यासारखी घाई करून त्यात काहीतरी लिहू नये. ज्यांचे नाव तेथे यावयाचे, त्यांना बोलावून विचारावे.